कात्रजहून ८, अतकरवाडीतून १७, गाडीने ११

साडेदहाला सिंहगडावर, देवटाकं नावाच्या पाण्याच्या टाक्यापाशी भेटायचं, एवढी एकच गोष्ट सगळ्या ३६ जणांसाठी सारखी होती. वाट, निघायची वेळ, पाठीवरचं ओझं हे सगळं वेगवेगळं. ८ जण पहाटे साडेतीनला जुन्या कात्रज बोगद्यापासून डोंगररांगेने येणार, १७ जण सहा वाजता पायथ्याच्या अतकरवाडीतून नेहमीच्या पायवाटेने चढणार, आणि ११ जण गाडीने गडाच्या पार्किंगपर्यंत येऊन तिथून पायऱ्यांनी वर येणार. या शेवटच्या गटात माझी ७४ वर्षांची आई होती आणि दोन शाळकरी मुलं. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी हे जमून आलं. असाच बेत कुणाच्या मनात असेल तर उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते.

एक गड आणि तीन वाटा असं का ठरवलं, ते आधी सांगते. मागच्या वर्षी राजगडाला आम्ही सगळ्यांना एकत्र, गुंजवण्यातून चोरदरवाज्याने नेलं होतं. पुढचे पद्मावती माचीवर पोचून तासभर वाट बघत बसले आणि मागच्यांना शेवटच्या रेलिंगच्या टप्प्यावर रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. पुढचे कंटाळले, मागचे खजील झाले. त्यातल्या तिघी नंतर येईनाशा झाल्या. फोन केला की म्हणायच्या, "आमच्यामुळे तुमचा खोळंबा होतो." ते वाक्य माझ्या मनातून जात नव्हतं. चढता न येणं हा त्यांचा दोष नव्हता. त्यांना चुकीच्या वाटेवर आम्ही नेलं होतं.

या वेळी कुणाला कुठली वाट झेपेल हे ठरवायला नोव्हेंबरचे चार रविवार ठेवले. पहिल्या रविवारी पर्वती, दुसऱ्या रविवारी हनुमान टेकडीवरून वेताळ टेकडी, आणि पुढचे दोन रविवार अतकरवाडीतून सिंहगड. "चढता येईल ना?" असं कुणालाही विचारायचं नाही, कारण उत्तर नेहमी "हो" असंच येतं. त्यापेक्षा बरोबर चालावं आणि बघावं. कात्रजच्या गटासाठी अट साधी होती: पाठीवर ५ किलो घेऊन अतकरवाडीतून पुणे दरवाज्यापर्यंत सव्वा तासात पोचायचं, आणि त्याच दिवशी चालत उतरताना गुडघ्यांनी कुरकुर करायची नाही. दुसरी अट जास्त महत्त्वाची. रोज १० किलोमीटर पळणारा एक जण चढायला सगळ्यांत पुढे होता, पण उताराच्या मुरमाड वाटेवर त्याची पावलं थरथरत होती. डांबरी रस्त्यावर पळण्याची सवय तिथे कामाला येत नाही. त्याला अतकरवाडीच्या गटात घेतलं. आधी जरा नाराज झाला, पण आला.

कात्रज ते सिंहगड

मी या गटात होते, सगळ्यांत शेवटी. जुन्या बोगद्यापाशी पहाटे तीनला पोचायला बस मिळत नाही, आणि स्वतःची गाडी तिथे ठेवली तर परत आणायला पुन्हा कात्रजला यावं लागतं. म्हणून ट्रॅव्हलर ठरवली होती. तिने आम्हाला सोडलं आणि तीच नंतर तिसऱ्या गटाला घेऊन गडावर गेली.

बोगद्याच्या वर वाघजाईचं देऊळ आहे, तिथून चढ सुरू होतो. अंतर साधारण १५ किलोमीटर. तेरा टेकड्या म्हणतात, पण कुठली धरायची आणि कुठली सोडायची यावरून दर खेपेला वाद होतो. ते मोजण्यात जीव घालू नका. "आता किती राहिल्या?" हा प्रश्न सुरू झाला की पाय जड होतात. वाट मात्र नीट लक्षात ठेवा: डोंगराची धार सोडायची नाही. दोन्ही बाजूंना गावांकडे उतरणाऱ्या वाटा फुटतात आणि अंधारात त्याच जास्त मळलेल्या दिसतात. उजवीकडे पुण्याचे दिवे, डावीकडे खेड शिवापूर आणि सातारा रस्ता, समोर लांबवर गडावरच्या टॉवरचे दिवे. एवढं जागेवर असेल तर तुम्ही बरोबर आहात. त्या दिवशी संकष्टी होती, पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, त्यामुळे चंद्र समोर होता आणि सपाटीला बॅटरी लावावीच लागली नाही. उताराला मात्र लावायचीच, चांदणं कितीही असलं तरी.

या वाटेवर पाणी नाही. थंडीतही माणशी ३ लिटर घ्या. रस्त्यात दुकान नाही, आडोसाही फारसा नाही. बायकांनी लघवीसाठीचे थांबे उजाडण्याआधीच उरकलेले बरे, आणि वापरलेलं सगळं कागदी पिशवीत घालून परत आणायचं. पूर्वी या वाटेवर लुटालुटीचे प्रकार झाले आहेत, बिबट्याचाही वावर आहे. त्यामुळे दोघा-तिघांनी रात्रीचं जाऊ नये. आम्ही आठही जण एकमेकांच्या नजरेत होतो.

शेवटी कोण चालतं यावर सगळा गट अवलंबून असतो, असं माझं ठाम मत आहे. दमलेला माणूस मागे पडतो म्हणून त्यालाच शेवटी ठेवायची पद्धत दिसते. ती चूक आहे. शेवटी सगळ्यांत अनुभवी माणूस हवा. प्रथमोपचाराची पेटी, जादाची बॅटरी आणि शिट्टी त्याच्याकडे असावी. पुढच्याने प्रत्येक माथ्यावर थांबायचं आणि शेवटचा दिवा दिसल्याशिवाय हलायचं नाही. आणि शेवटचा पोचला की लगेच "चला" म्हणायचं नाही, त्यालाही पाच मिनिटं बसू द्यायचं. हे इतकं साधं आहे, पण राजगडाला आम्ही नेमकं हेच विसरलो होतो.

साडेपाचच्या सुमारास एका उभ्या उतारावर पुढून आवाज आला, "ताई, माझ्या बुटाचं काहीतरी झालंय." बॅटरीचा उजेड पाडला तर उजव्या बुटाचा सोल पुढून पूर्ण सुटला होता, फक्त टाचेपाशी धरून राहिलेला. पाऊल उचललं की खाली लोंबायचा आणि त्यात मुरूम भरायचा. बूट चांगले, महागाचे. हिमालयात जाण्यासाठी सहा वर्षांपूर्वी घेतलेले, एकदा वापरून माळ्यावर खोक्यात ठेवलेले. नोव्हेंबरात तो साध्या स्पोर्ट्स शूजवर चालला आणि आज खास म्हणून हे काढले. बूट नुसते पडून राहिले तरी त्यांचा गोंद मरतो, वरून काही दिसत नाही.

चिकटपट्टी लावून पाहिली, पण धुळीमुळे ती चार पावलांत सुटली. मग जादाची नाडी सोलखालून घेऊन वर दोन ठिकाणी आवळली आणि त्यावर, बुटाच्या बाहेरून, जाड लोकरी मोजा ओढला. मोज्यामुळे सोल हलत नाही आणि मुरमावर पकडही बरी मिळते. तासाभराने डाव्या बुटाचंही तेच झालं, तेव्हा दुसरा मोजा होता. नाड्यांचा एक जोड, जाड मोज्यांचा एक जोड आणि एक क्रेप बँडेज एवढं माझ्या पिशवीत कायम असतं. त्यात आमची ३५ मिनिटं गेली, पण तो गडी चालत राहिला. तुमचे बूट माळ्यावरचे असतील तर आधी आठवडाभर घालून टेकडीवर जा. निघायच्या आदल्या रात्री हातात घेऊन वाकवा आणि सोलच्या कडेने अंगठा दाबत फिरवा. कुठे फट उघडली तर ते बूट घरीच ठेवा.

सातच्या जरा आधी दोन टेकड्यांमधल्या खिंडीत उजाडलं. खडकवासल्याच्या पाण्यावर धुकं होतं आणि गड पहिल्यांदा पूर्ण दिसला. तिथे बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि मोज्यांतली कुसळं काढली. पावसाळा संपला की या धारेवरचं गवत पिवळं पडतं आणि कुसळं बाणासारखी मोज्यात शिरतात. ओढली तर मागचं शेपूट हातात येतं आणि टोक आतच राहतं. टोकाच्या बाजूने, ज्या दिशेला शिरलं त्याच दिशेला काढायचं. लोकरी मोजे बाहेर दिसू देऊ नका, गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट मोज्यांवरून खाली घ्या.

घाटरस्त्याला उतरलो तेव्हा दहा वाजायला आले होते. तिथून वरपर्यंत डांबरी चढ आहे. उन्हात तो अंगावर येतो. सहा जण चालत गेले. मोजे चढवलेले बूट आता फाटून गेले होते, म्हणून त्याला घेऊन मी जीपने वर गेले.

अतकरवाडी

या गटाची हकिगत मी भाच्याकडून ऐकली, तो पुढे होता. चढ साधारण ६०० मीटरचा, वाट चुकायचा प्रश्न नाही, रविवारी तर रांगच असते. बोलता बोलता चढता येईल इतकाच वेग ठेवायचा. बोलणं तुटायला लागलं की हळू व्हायचं. वाटेत ताक-सरबतवाले बसतात, तेच थांबे. ५ मिनिटांच्या वर बसायचं नाही, अंग गार पडतं. उतरणाऱ्यांना डोंगराच्या आतल्या बाजूला उभं राहून वाट द्या. रोज चढणारे वेगाने खाली येतात.

एका मुलीला अर्ध्या वाटेत घेरी आली. संकष्टीचा उपास, आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, आणि हे तिने कुणाला सांगितलंही नव्हतं. मीठ-साखर घातलेलं लिंबूसरबत आणि राजगिऱ्याचा लाडू दिल्यावर पंधरा मिनिटांत सावरली. उपास असेल तर करा, पण चढण्याआधी केळं, साबुदाण्याची खिचडी, काहीतरी खाऊनच निघा. आणि नेणाऱ्याने ते निघतानाच विचारून घ्यावं. आम्ही तारीख ठरवताना पंचांग बघितलं ते चांदण्यासाठी, उपासाचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी चढून यावं आणि उतरताना जीप घ्यावी. पार्किंगवरून पायथ्याला जाणाऱ्या जीप मिळतात. सतरापैकी सहा जण तसे उतरले.

गाडीचा गट

हा उरलेल्यांचा गट नव्हे. तसं वाटू नये म्हणून याच गटाची तयारी आम्ही सगळ्यांत जास्त केली. गाडी साडेसातला गोळेवाडीच्या नाक्यावर, कारण रविवारी नऊनंतर घाटात गाड्या अडकतात. निघण्याआधी घाट चालू आहे याची खात्री करा, दरडीमुळे तो मधूनच बंद असतो. बरोबर दोन हलकी घडीची स्टुलं आणि तीन काठ्या होत्या. पार्किंगपासून पुणे दरवाजापर्यंतच्या पायऱ्या तरुणांना दहा मिनिटांच्या, आम्ही अर्धा तास धरला होता. दर वळणावर स्टूल मांडायचं, कुणी मागितलं नाही तरी. ज्येष्ठ माणसं मागत नाहीत.

मुलांना एकामागोमाग येणारे तीन दरवाजे मोजायला दिले. मग दारूकोठार, टिळक बंगला, राजाराम महाराजांची समाधी, तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र आईने मुलांना सांगितली, आणि हेही सांगितलं की लढाईला ३०० वर्षं झाली त्या वर्षी, १९७० साली, ती कॉलेजच्या सहलीबरोबर पायथ्यापासून चालत इथे आली होती. कल्याण दरवाज्याकडची उतरंड ज्येष्ठांना झेपणारी नाही. मुलं तेवढी एकाबरोबर जाऊन आली. गडावर अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा, कपारीत आग्या मोहोळं असतात.

देवटाक्यापाशी आम्ही पोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. बाकीचे २८ जण तिथे होते. पिठलं-भाकरी आदल्या दिवशीच फोन करून सांगितली होती. ते जरूर करा, नाहीतर इतक्या माणसांना एकदम मिळत नाही. कांदा फोडला, झुणका, ठेचा, गरम भाकरी. आईचा उपास, त्यामुळे तिच्यासमोर मडक्यातलं दही. राजगडानंतर न आलेल्या तिघींपैकी दोघी गाडीच्या गटातून आल्या होत्या. त्यांनीच सगळ्यांना वाढलं.

निघायला आम्ही एक वाजवला आणि घाटात ५० मिनिटं अडकलो. पुढच्या वेळी गाडीचा गट साडेअकरालाच खाली पाठवणार.

जानेवारीत लोहगड आणि विसापूर करायचं ठरतंय. लोहगडाला पायऱ्या आहेत, विसापूरची वाट दगडाधोंड्यांतून चढते आणि दोन्ही गड एकाच दिवशी करणाऱ्यांना मळवलीहून चालत सुरुवात करता येते. म्हणजे तीन गट तिथेही होतात, आणि भेटायला लोहगडवाडी. घाटात गाडी उभी असताना आईने पाठीमागून विचारलं, "लोहगडाला पायऱ्या किती आहेत गं?"