चांदणीबरोबर २८० किलोमीटर

मागच्या वर्षी माझ्या घोडीला, चांदणीला, न्यायला भाड्याचा ट्रेलर आला, तेव्हा ती रॅम्प चढली, आत डोकावली आणि मला दाव्यासकट ओढत उलट पावली बाहेर आली. शेवटी चार जणांनी मागून दोर लावून तिला आत कोंबली. मुक्कामी उतरली ती घामानं निथळत, कपाळ सोललेलं. त्यानंतर ट्रेलर नुसता दिसला तरी फुरफुरायची. यंदा तीच घोडी २८० किलोमीटर गेली आणि वाटेत चक्क गवत खात होती. मधल्या सहा आठवड्यांत काय केलं आणि कुठे चुकलो, ते सांगते.

चढवण्याचं आधी. घोड्याच्या डोळ्यांना लख्ख उजेडातून अंधारात रुळायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. बाहेरून तिला ट्रेलर म्हणजे काळं भोक दिसत असणार. म्हणून तो ऊन आत शिरेल असा उभा केला, पुढचं दार आणि खिडक्या उघडल्या, दोन कप्प्यांमधली फळी बाजूला सरकवली. दावं हलकं ताणायचं आणि पाऊल पुढे पडलं की त्याच क्षणी ढिलं सोडायचं, एवढीच शिकवणी. उशिरा सोडलंत तर तिला काहीच कळत नाही. दोन पावलं आली की मीच तिला मागे घ्यायची. बाहेर पडता येतं हे एकदा पटलं की आत जायला हरकत राहत नाही. दहाव्या दिवशी चारही पाय आत आले.

आता हे पाठच करा: आधी मागचा आडवा दांडा लावायचा, मगच घोडा बांधायचा. उतरवताना आधी दावं सोडायचं, मग दांडा. बांधलेला घोडा मागे सरकला, दांडा नाही आणि दावं ताणलं गेलं, की तो बिथरतो आणि मोरखी तुटेपर्यंत ओढतो. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी आणि दावं कडीत थेट न बांधता सुतळीच्या फासात बांधावं, म्हणजे वेळ आली तर सुतळी तुटेल.

चढवणं जमलं, पण गाडी हलली की चांदणी पुन्हा थरथरायची. हे कोडं मला शेवटच्या आठवड्यात सुटलं. बंद आवारात रिकाम्या ट्रेलरमध्ये मीच उभी राहिले, पाय फाकवून, कशालाही न धरता. दुसऱ्या वळणावर भिंतीवर आदळले.

"अगं, मी पंधराच्या वर गेलोच नाही!" दादा म्हणाला.

"वेगाचं नाही रे, ब्रेकचं बोलतेय."

घोड्याचं साधारण ६० टक्के वजन एरवीही पुढच्या पायांवर असतं. ब्रेक लागला की आणखी पुढे जातं आणि तो डोकं वर करून, पाय फाकवून तोल सावरतो. आमच्या ट्रेलरची मधली फळी जमिनीपर्यंत होती, त्यामुळे तिला पाय फाकवायला जागाच नव्हती. फळीचा खालचा भाग काढला. दादानं वळणाच्या बरंच आधी वेग कमी करायचा आणि ट्रेलर पूर्ण सरळ झाल्याशिवाय वाढवायचा नाही, असं ठरलं. माझ्या मते निम्मं काम इथेच झालं. ट्रेलरला घाबरते म्हणून आम्ही वर्षभर घोडीला नावं ठेवत होतो!

निघालो पहाटे पाचला, उकाड्याआधी. सकाळी दाणा नाही, फक्त वाळलं गवत. ती एकटीच होती, म्हणून रस्त्याच्या मध्याकडच्या कप्प्यात उभी केली. रस्ता कडेला उतरता असतो, जड बाजू तिकडे नको. समोर न फुटणारा आरसा लावला होता. एकट्या घोड्याला आरशाचा आधार होतो असं अभ्यासांत दिसलेलं आहे. चांदणीनं पहिली दहा मिनिटं आरशातल्या घोडीवर कान पाडले, मग शेजारीण म्हणून पत्करली.

दीड तासानं पहिला थांबा. कानामागे घाम, जबड्याखाली बोट ठेवून मोजलेली नाडी मिनिटाला ५६. एरवी तबेल्यात ती ३६ असते. पुढे एका ट्रकनं अगदी शेजारून कर्कश हॉर्न दिला आणि लाथा सुरू झाल्या. मी आत शिरणार होते, दादानं दंड धरून थांबवलं. त्याचंच बरोबर होतं. बिथरलेल्या घोड्याबरोबर त्या खोक्यात माणसाला पळायला जागा नसते. आडोशाला थांबलो, इंजिन बंद केलं, बाहेरूनच बोलत राहिले. वीस मिनिटांनी नाडी ४४ वर आली.

थांब्यावर तिला रस्त्याकडेला उतरवलं नाही, पण आतच दावं लांब सोडून मान खाली घालू दिली. हे चुकवू नका. डोकं तासन्‌तास वर बांधलेलं राहिलं तर श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, आणि लांबच्या प्रवासानंतर येणारा न्यूमोनिया बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. गवताची जाळी आधी भिजवून घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, पण तोंड बाहेर काढू देऊ नका. पाणी घरचंच नेलं होतं. परक्या चवीच्या पाण्याला बरेच घोडे तोंड लावत नाहीत. दुसऱ्या थांब्यावर चांगली अर्धी बादली प्यायली.

गुंगीचं औषध द्या, असं दोघातिघांनी सुचवलं होतं. पशुवैद्यानं सांगितल्याशिवाय अजिबात नको. गुंगीतल्या घोड्याचा तोल जातो, आणि हलत्या ट्रेलरमध्ये तोल हेच त्याचं सर्वस्व. पायांना पट्ट्याही बांधल्या नाहीत, कारण तिला त्यांची सवय नव्हती.

साडेअकराला पोचलो. दावं, मग दांडा, मग ती एकेक पाऊल मागे टाकत उतरली आणि जमिनीवर पाय लागताच मिनिटभर मुतली. कितीतरी घोडे चालत्या गाडीत लघवी रोखून धरतात, हे आधी माहीत असतं तर तिला एवढी घाई का झाली ते मला कळलं असतं. अंगाचं तापमान ३८.१ अंश सेल्सिअस. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ते मोजलं, कारण प्रवासाचा न्यूमोनिया दोन-तीन दिवसांनीही डोकं वर काढतो. ३८.५ च्या वर गेलं, खोकला आला किंवा चारा सोडला तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा, असं ठरलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी काटा ३७.८ वर होता आणि चांदणी माझ्या खिशात गाजर शोधत होती.