झोपलेल्या मॉड्यूलशी बोलताना

गेल्या वर्षी शेतातल्या विहिरीची पाणीपातळी मोजून दर तासाला एसएमएसने कळवणारे एक छोटे यंत्र मी तयार केले. त्यात मोबाइल नेटवर्कशी जोडणारे सिम800एल हे टूजी मॉड्यूल आणि 2600 मिलीअँपिअर-तासांचा एक लिथियम सेल होता. नेटवर्कवर नोंदलेले पण रिकामे बसलेले हे मॉड्यूल साधारण 18 मिलीअँपिअर खाते, म्हणजे सेल जेमतेम सहा दिवस पुरतो. झोपेत तोच आकडा एक मिलीअँपिअरच्या आसपास येतो आणि हिशेब तीन महिन्यांपर्यंत जातो. म्हणून मी मॉड्यूलला झोपू देणारी सीएससीएलके ही आज्ञा 2 या मूल्यासह दिली आणि निर्धास्त झालो. एसएमएस वेळच्या वेळी येत राहिले, मात्र चौथ्या आठवड्यातच सेलने मान टाकली.

मूल्य 2 असताना सिरीयल लाइनवर, म्हणजे यंत्राचा प्रोग्रॅम ज्या तारेवरून मॉड्यूलला आज्ञा देतो तिच्यावर, पाच सेकंद शांतता राहिली, की मॉड्यूल आपोआप झोपते. त्या अवस्थेतही ते नेटवर्कशी बांधलेले असते आणि फोन व एसएमएस येऊ शकतात; झोपतो तो सिरीयल पोर्ट. त्यामुळे बाहेरून आलेली पहिली अक्षरे त्याला उठवण्यातच खर्ची पडतात, आज्ञा म्हणून ती वाचलीच जात नाहीत. माझा प्रोग्रॅम दर तासाला थेट सीएमजीएस ही एसएमएसची आज्ञा धाडत होता आणि '>' या, मजकूर पाठवा असे सांगणाऱ्या चिन्हाची वाट पाहत होता. ते न आल्यामुळे मॉड्यूल अडकले असे समजून तो त्याला रीसेट करी, मग नव्याने नेटवर्क शोधणे आणि नोंदणी होई, आणि दुसऱ्या प्रयत्नात एसएमएस बिनबोभाट जाई. ज्या प्रसारणात क्षणिक प्रवाह 2 अँपिअरपर्यंत उसळतो, ते मी वीज वाचवण्याच्या नावाखाली तासातासाला वाढवून घेत होतो. टेबलावर हा दोष दिसला नाही, कारण तिथे मी पाच सेकंद कधी थांबलोच नव्हतो!

आधी नुसते 'एटी' (काहीच काम न सांगणारी आज्ञा) पाठवून 100 मिलिसेकंद थांबणे आणि मग खरी आज्ञा देणे, एवढ्याने काम भागते. तरीही मी मूल्य 1 पसंत केले, कारण त्यात झोपेची सूत्रे मॉड्यूलच्या डीटीआर या पिनकडे असतात: ती हाय केली (तिच्यावर व्होल्टेज दिले) की मॉड्यूल हातातले काम संपवून झोपते, लो करून सुमारे 50 मिलिसेकंद थांबले की सिरीयल पोर्ट ऐकू लागतो. एक तार जास्त लागते, पण अंदाजपंचे कारभार संपतो. सिम800एलच्या स्वस्त बोर्डांवर ही पिन बाहेर काढलेली असते, आणि बहुतेक जण ती मोकळीच सोडतात.

एलटीई-एम आणि एनबी-आयओटी या कमी विजेवरच्या उपकरणांसाठीच्या नेटवर्कांच्या मॉड्यूलांतला पीएसएम (पॉवर सेव्हिंग मोड) मात्र याहून गाढ झोपेचा प्रकार आहे. तो मागणाऱ्या सीपीएसएमएस आज्ञेत दोन टायमर आठ-आठ बिटांनी मागायचे असतात. प्रत्येकातले पहिले तीन बिट एकक सांगतात आणि उरलेले पाच संख्या. नेटवर्कवरची नोंदणी ताजी करण्याच्या टायमरला '00100001' म्हणजे एक तास, तर जागे राहण्याच्या टायमरला '00000101' म्हणजे दोन सेकंदांचे पाच भाग, अर्थात दहा सेकंद. हे मागणे नेटवर्कने मान्य करावे लागते आणि ते वेगळीच मुदत देऊ शकते, म्हणून पदरात काय पडले ते नोंदणीची स्थिती सांगणारी सीईआरईजी आज्ञा 4 वर ठेवून वाचून घ्यावे. या झोपेत सिरीयल लाइनवर कितीही 'एटी' पाठवले तरी अनेक मॉड्यूल दाद देत नाहीत. त्यांना पॉवर-की पिननेच उठवावे लागते.