कोल्हापूरहून जुन्या पुस्तकांची फेरी: माझा अनुभव

माझी खरेदीची फेरी दिवाळीनंतर सुरू होते. घरोघरची साफसफाई उरकलेली असते, माळ्यावरचे गठ्ठे रद्दीवाल्याकडे गेलेले असतात आणि अजून कागद गिरणीला रवाना झालेले नसतात. ही संधी दोन-तीन आठवड्यांचीच.

आधी कोल्हापूर, मग सांगली-मिरज, तिथून पुण्याचा अप्पा बळवंत चौक आणि शेवटी मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ. ‘किर्लोस्कर’ मासिक १९२० साली किर्लोस्करवाडीला सुरू झालं, त्यामुळे त्याचे जुने अंक सांगली भागातल्या घरांत अजून निघतात. करवीर सरकारच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, गॅझेटचे सुटे अंक निघालेच तर कोल्हापुरात. पुण्या-मुंबईचे जुन्या पुस्तकांचे व्यावसायिक नेमकं हेच मागतात, म्हणून हा माल हातात घेऊनच तिकडे जावं. पैसे मोजण्यापेक्षा अदलाबदल दोघांनाही परवडते.

रद्दीच्या दुकानात भाव किलोवर असतो. गठ्ठा एकदा तराजूत गेला की परत नाही. तपासणी त्याआधीच उरकायची. मी पहिलं पान आणि शेवटचं पान आधी पाहतो, कारण फाटतात ती हीच. शिळाप्रेसच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, पोथीत छापखाना आणि शक बहुधा अखेरच्या पत्रावर (सुट्या पानावर) असतो. ते गेलं की पोथीचं वय सांगायला पुरावा उरत नाही आणि किंमत कोसळते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र पौषानंतरच्या तिथीला बहुधा ७९ धरावे लागतात. पोथीचा आकडा पत्राचा असतो, पृष्ठाचा नव्हे: १२० पत्रे म्हणजे २४० पृष्ठं.

बांधीव पुस्तकात फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचे जुडगे, मोजावेत. सोळा पानी फॉर्म असेल तर १, १७, ३३, ४९ या पृष्ठांच्या तळाशी बारीक आकडा सापडतो. तेवढी पानं उलटली की मधला फॉर्म गळालाय का ते मिनिटभरात कळतं. नकाशे आणि छायाचित्रं यांना बहुतेक वेळा पृष्ठांक नसतो, ती अनुक्रमणिकेशी ताडून पाहावी लागतात. साल छापलेलंच नसेल तर किंमत पाहा. आण्यांत असेल तर पुस्तक साधारण १९५७ च्या आधीचं, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधलं.

आमच्या भागातला सर्वांत मोठा धोका पुराचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेली पुस्तकं वाळवून अजून बाजारात येतात. पानाच्या खालच्या अंगाला तपकिरी लहरी रेघ दिसली की समजावं. साधा कागद त्यातून वाचतो. गुळगुळीत आर्ट पेपर मात्र एकमेकांना असा चिकटतो की सोडवताना छपाई निघून येते. तसं पुस्तक फुकटही घेऊ नये. ठिसूळपणा पाहायला पानाचा कोपरा दुमडू नका, तुटेल. पान हलकेच वाकवलं तरी अंदाज येतो.

वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक असून ‘रद्द’चा शिक्का नसेल, तर मी पुस्तक बाजूला ठेवून त्या वाचनालयाला विचारतो. हस्तलिखितांचं प्रकरण आणखी नाजूक आहे. मोडी बाडं किंवा हस्तलिखित पोथी ७५ वर्षांहून जुनी आणि महत्त्वाची असेल, तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावशेषात मोडते आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. अशी पोथी शिवाजी विद्यापीठाच्या किंवा एखाद्या संशोधन संस्थेच्या जाणकारांना दाखवण्यातच तिचं भलं आहे.

व्यवसायबंधूंशी देवघेव करताना पुस्तकातला प्रत्येक दोष आपणच आधी सांगावा: कसरीची (कागद खाणाऱ्या किडीची) भोकं, चिकटपट्टी, बदललेली बांधणी, झेरॉक्स लावून भरलेलं पान. मी हे शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहितो, पेनाने कधीच नाही. पुढच्या वेळी चांगला माल माझ्यासाठी बाजूला ठेवला जातो तो याच विश्वासावर.

परतताना महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास होतो. जड पुस्तकं खाली आडवी, पोथ्या दोन पुठ्ठ्यांमध्ये सुती नाडीने बांधून वर. रबरबँड कागद कापतो. आणलेला माल थेट कपाटात लावायचा नाही. कसर दिसली तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये निदान आठवडाभर ठेवतो. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. डांबराच्या गोळ्यांचा नुसता वास येतो, पानांत दडलेली अळी त्यांनी मरत नाही.