कमानीच्या पाट्यापासून सुरीपर्यंत: आमची वाटचाल

आमचं मूळ काम खुरपी, विळे आणि ऊसतोडीचे कोयते. आप्पा म्हणजे माझे वडील आठवडी बाजारात पाल टाकून बसायचे, आणि दसऱ्याच्या पुढं कारखाने सुरू व्हायच्या तोंडावर कोयत्याला एवढं गिऱ्हाईक असायचं की भट्टी रात्रीपण विझायची नाही. मी आयटीआय करून एमआयडीसीत लागलेलो, पण २०१७ ला नोकरी सोडून परत ऐरणीवर आलो ते घरात वापरायची छोटी सुरी बनवायची म्हणूनच.

माल पहिल्यापासून भंगारातला, ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, पाटा. त्यात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो म्हणून पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून थंड केलं, की तो कडक होतो, बांधकामाची साधी पट्टी तेवढी होत नाही.

पहिल्या १२ सुऱ्या केल्या आणि पाण्यात बुडवल्या, त्यातल्या ७ टिक् टिक् करत तडकल्या. कोयता जाड असतो, शिवाय आप्पा नुसती धारेची कड पाण्याला लावायचे, मी अडीच मिलीची अख्खी पात बुडवली होती. तेव्हापासून कोमट तेलातच पाणी देतो (तेल असलं तरी आमच्यात पाणी देणंच म्हणतात). पात लाल झाली की चुंबक लावून बघायचं, ७७० डिग्रीच्या आसपास चुंबक धरायचं सोडतं, तिथून अजून थोडी तापवायची आणि मग तेलात. नंतर २०० डिग्रीला दोन तास ओव्हनमध्ये, पात गवती पिवळी दिसते, मग ती ठिसूळ राहत नाही. आप्पांना चुंबक लागत नाही, ते बल्ब बंद करायला लावतात आणि नुसत्या रंगावरून सांगतात, "काढ आता".

एकदा पुण्याच्या एका ताईंची सुरी लाल भोपळा कापताना मोडली. फोटोत बघितलं तर मोडलेली जागा अर्धी काळी, अर्धी चकचकीत, म्हणजे भेग आधीपासून पाट्यातच होती. ट्रकखाली वर्षानुवर्षं वाकून पोलाद थकतं हे माहीत होतं, तरी तपासलं नव्हतं, फार वाईट वाटलं. त्यांना नवी सुरी दिली. आता मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा घेतच नाही, बाकी पाटा घासून रॉकेल लावायचं, कोरडा पुसायचा, वर खडूची पूड, भेग असली तर ओली रेघ उमटते.

महिन्याला ३०-४० सुऱ्या होतात, त्याहून जास्त घाई करत नाही. मुठी बाभळीच्या. हे स्टेनलेस नाही, सिंकमध्ये ओली ठेवू नका, पुसून गोडेतेलाचा हात फिरवा, आणि धार गेली की पाठवून द्या, लावून देतो.