मेघना, १९७१ आणि ग्रुप कॅप्टन चंदन सिंग

९ डिसेंबर आला की आम्हा सोलापूरकरांना डॉ. कोटणीस आठवतात, भैया चौकातल्या त्यांच्या घरी आता स्मारक झालंय, आणि १९४२ ला याच तारखेला ते तिकडं चीनमध्ये वारले हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही माहिती असतं. पण याच तारखेला, १९७१ साली, आपल्या एअर फोर्सच्या हेलिकॉप्टर पायलटांनी जे करून दाखवलं ते आपल्याकडं लय कमी लोकांना माहितीय, आणि मला त्यावर केव्हापासून लिहायचं होतं.

लढाईतला पायलट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर फायटर विमानच येतं. हेलिकॉप्टर म्हटलं की आषाढीला पंढरपुरात उतरणारे मंत्री, नाहीतर पुरात छपरावरून माणसं उचलणारी दोरी. युद्धात ते चालवायचं म्हणजे काय, याचा आपण विचारच करत नाही. त्यावेळी आपल्याकडं मुख्य होतं ते एमआय-४, रशियन, एकच पिस्टन इंजिन, तेही पुढं नाकात बसवलेलं आणि पायलट त्याच्यावर बसणार. वेग बेताचा, खाली शेतात उभा असलेला कुठलाही सैनिक साध्या रायफलनं नेम धरू शकतो, आणि उतरताना तर ते जवळजवळ हवेत थांबतंच. रात्री दिसायला आजच्यासारखे चष्मे वगैरे काही नाही.

आता मेघनेचं सांगतो. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांची ४ कोअर, म्हणजे आपल्या सैन्याचं एक मोठं दल, आगरतळ्याच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात शिरली होती आणि ढाका मेघना नदीच्या पलीकडं. नदीवरचा आशुगंजचा रेल्वेपूल ९ डिसेंबरला पाकिस्तान्यांनी उडवून दिला. चंद्रभागेला पूर येऊन पंढरपूरचा जुना दगडी पूल पाण्याखाली गेला की पलीकडचा काठ किती लांबचा वाटतो ते आपण बघितलंय, मेघना तर बाराही महिने तशी आणि त्यात पलीकडं भैरव बाजारात शत्रू तोफा लावून बसलेला. खरं तर सगत सिंगांना नदी ओलांडायचा हुकूमच नव्हता. पण त्यांनी ठरवलं की पूल नाही तर नाही, वरून जायचं. असं ठरवायला जनरल लागतो हे खरं, पण ते करून दाखवायला कुणीतरी पायलट लागतो, आणि तो होता आसामातल्या जोरहाट एअर फोर्स स्टेशनचा प्रमुख, ग्रुप कॅप्टन चंदन सिंग.

ब्राह्मणबारियाहून माणसं उचलायची आणि नदीपलीकडं रायपुराच्या शेतात उतरवायची. हाताशी हेलिकॉप्टरं जेमतेम डझनभर. एकात साधारण चौदा माणसं बसवायचा हिशोब, तिथं वीसच्या वर कोंबली. रात्री उतरायची जागा दिसावी म्हणून शेतात टॉर्च लावले होते, बस्स, तेवढाच उजेड! छत्तीस तासात शंभरच्या वर फेऱ्या झाल्या आणि भैरव बाजारातली पाकिस्तानी फौज तोफांसकट जागेवरच बसून राहिली, कारण तिला वळसा घालून आपली माणसं नरसिंगदीकडं निघालीसुद्धा. गावातल्या लोकांनी होड्या दिल्या, पाण्यात पोहणारे पीटी-७६ रणगाडे मध्येच गरम होऊन थांबले तर ते होड्यांना बांधून ओढले.

चंदन सिंगांच्या महावीर चक्राच्या मानपत्रात सुमारे ३,००० जवान आणि ४० टन सामान पलीकडं नेल्याची नोंद आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. प्रत्येक मोहिमेच्या आधी हा माणूस स्वतः जाऊन जागा बघून यायचा, खालून गोळीबार चालू असताना. मेघनेच्या आधी सिल्हेट शहराजवळही अशीच हेलिकॉप्टरनं माणसं उतरवली होती, तिथं ७ आणि ८ डिसेंबरच्या मधल्या रात्री त्यांनी शत्रूच्या भागात आठ फेऱ्या मारल्या, आपल्या पोरांना वाट दाखवायला आणि धीर द्यायला. हेलिकॉप्टरला गोळ्या लागल्या तरी परत गेले. स्टेशनचा प्रमुख आहे, नकाशासमोर बसून हुकूम सोडले असते तरी कुणी काही म्हणालं नसतं ओ!

पहिल्यांदा जाताना माणूस जोशात जाऊ शकतो असं मला वाटतं. खरी परीक्षा दुसऱ्या फेरीला, गोळी कुठल्या झाडामागून येते हे माहिती झाल्यावर, रिकामं हेलिकॉप्टर घेऊन परत आल्यावर पुन्हा भरून तिथंच उतरायचं. आणि हे आठव्यांदा. आमच्या गल्लीत एअर फोर्समधून रिटायर झालेले एक काका आहेत, टेक्निशियन होते, त्यांना मी विचारलं की काका, भोकं पडलेलं हेलिकॉप्टर परत उडवायचं कसं. ते म्हणाले, "गोळी कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली ते आधी बघायचं. मधी तेलाची लाइन नाही, कंट्रोल नाही, तर पत्रा मारायचा आणि सोडायचं. सही आमची असायची, झोप आम्हाला पण लागायची नाही." पायलटांबरोबर या माणसांचंही नाव घ्यायला पाहिजे, रात्रभर मशीन उडतं ठेवणं काय खायचं काम नाही.

सगत सिंग स्वतः पाहणीला गेले होते तेव्हा त्यांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला, पायलट जबर जखमी, को-पायलटनं ते परत आणलं, मोजली तर ६४ भोकं. जनरल दुसऱ्या हेलिकॉप्टरमधून पुन्हा पाहणीला निघाले.

आणि चंदन सिंगांचं हे पहिल्यांदा नव्हतं. २० ऑक्टोबर १९६२, चीननं हल्ला केला तोच दिवस. तेव्हा ते स्क्वाड्रन लीडर, लडाखच्या चिप चॅप भागात आपल्या चौक्यांना विमानातून सामान टाकायला गेले तर खाली चौकीवर चिन्यांचा मारा चालू. विमानाला १९ गोळ्या लागल्या, तरी सामान टाकून आले. त्याचं वीर चक्र. म्हणजे गोळ्या लागणं काय असतं हे पक्कं माहिती असलेला माणूस नऊ वर्षांनी परत स्वतःहून पुढं जातो, तेही आता वयानं, हुद्द्यानं मोठा झाल्यावर.

सिल्हेटला या हेलिकॉप्टरांनी ज्यांना उतरवलं ती ५ गोरखा रायफल्सची चौथी पलटण (४/५), आणि तिचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर, आपला मराठी माणूस! शत्रूच्या पोटात मूठभर माणसांनी उतरून ते टिकून राहिले, पाकिस्तानी फौज शरण येईपर्यंत, त्यांनाही महावीर चक्र मिळालं. दारूगोळा आला तर हेलिकॉप्टरनं, जखमी गेले तर हेलिकॉप्टरनं. हरोलीकर आणि चंदन सिंग ही दोन नावं एकत्रच सांगायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, आणि १६ डिसेंबरला विजय दिनाचे जे कार्यक्रम होतात तिथं भाषण करणाऱ्यांनी ढाक्याच्या सहीवर उडी मारायच्या आधी सिल्हेट आणि मेघनेला पाच मिनिटं तरी द्यावीत.