उद्याची मीटिंग पुढे ढकलायचीय आणि क्लायंट जपानी आहे

पुढच्या महिन्यात आमच्या पुण्याच्या टीममधला एकजण इथे तोक्योला येतोय. त्याने परवा फोनवर विचारलं, ताई तिथे सगळ्यात अवघड काय जातं, भाषा का जेवण? मी म्हटलं दोन्ही जमतं रे हळूहळू, पण ठरलेली मीटिंग आयत्या वेळी हलवायची पाळी आली ना की खरी परीक्षा. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय.

मी तोक्योतल्या निशी-कासाईत राहते, ब्रिज एसई (सिस्टिम इंजिनिअर) आहे, म्हणजे इकडे जपानी क्लायंट, तिकडे पुण्याची टीम आणि मधे मी. गेल्या वर्षी जूनमध्ये, इथला पावसाळा नुकता लागला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नागोयात क्लायंटच्या ऑफिसात मीटिंग होती, शिनकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, तिकीट काढलेलं, पुण्याची मंडळी ऑनलाइन येणार होती, आणि इथले दहा म्हणजे तिकडचे साडेसहा, म्हणजे तेही अलार्म लावून उठणार होते. आणि दुपारी पावणेचारला पाळणाघरातून फोन आला, मुलीला ३७.५ ताप आहे, घेऊन जा. आपल्या हिशोबात ९९.५. आपल्याकडे आजी म्हणेल अंग जरा कोमट लागतंय, पण इथे ३७.५ झाला की बहुतेक पाळणाघरांतून फोन येतोच आणि आमच्याकडे ताप उतरून पूर्ण दिवस गेल्याशिवाय मुलाला परत घेत नाहीत. नवरा तेव्हा पुण्यात, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आजारी मुलांसाठी वेगळी सोय असते इथे, ब्योजी होइकु म्हणतात, पण आधी नाव नोंदवून ठेवावं लागतं, डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि जागा मोजक्या. थोडक्यात, उद्याचं नागोया होणार नव्हतं.

ट्रेनमध्ये उभ्या उभ्याच मी मेल लिहायला घेतला. मुलगी आजारी, नवरा भारतात, शेजारी कोणी नाही, सगळं अगदी मनापासून लिहिलं, शेवटी एक ओळ की कृपया मीटिंग पुढच्या आठवड्यात घेऊया. पाठवायच्या आधी आमच्या काचोंना, म्हणजे सेक्शनच्या मॅनेजरना, दाखवला. त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले मुलीला आधी घरी ने, आणि मग मेल नको, फोन कर, पाच वाजायच्या आत. मेल फोननंतर. आणि कारण एका ओळीत सांग.

हे एका ओळीत सांगणं मला तेव्हा खरंच लागलं. आपल्याला वाटतं की कारण नीट समजावलं नाही तर समोरच्याला वाटेल टाळतेय, म्हणून आपण पहिल्यापासून सगळं सांगतो, आणि आपल्याकडे समोरचाही ते ऐकून घेतो, अहो मुलीकडे बघा आधी म्हणतो, विषय संपतो. इथे कारण लांबलं की त्याला इइवाके म्हणतात, म्हणजे सबबी. कारण खरं असलं तरी. काचोंनी समजावलं की तुझी अडचण त्यांना कळेल, पण त्यांच्याकडे सहा जणांनी तो वेळ राखलाय, मीटिंग रूम बुक केलीय, काहींनी त्यासाठी दुसरी कामं हलवलीयत, आता तुझ्यामुळे त्यांना ते सगळं परत जुळवायचंय, तर तू बोल त्याबद्दल.

मुलीला औषध देऊन झोपवलं आणि साडेचारला फोन लावला. उचलणारी बाई म्हणाली साहेब जागेवर नाहीत, आल्यावर त्यांना फोन करायला सांगू का? आणि इथे मी अगदी हो म्हणणार होते, पण काचोंनी हेही सांगून ठेवलं होतं, विनंती आपली आहे तर त्यांना फोन करायला लावायचं नाही. मी म्हटलं नको, मीच वीस मिनिटांनी करते. पावणेपाचच्या पुढे परत केला. आधी नेहमीचं इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु, म्हणजे तुमच्या नेहमीच्या सहकार्याबद्दल आभार, मग क्यू दे मोउशिवाके गोझाइमासेन, म्हणजे असं अचानक सांगतेय त्याबद्दल माफी, मग मुलीला ताप आहे हे एक वाक्य, आणि मग तारीख बदलून मिळेल का असं. बदला असं नाही, बदलून मिळेल का. रिस्के हा शब्द इथे ऑफिसात सर्रास वापरतात, रिशेड्यूलचं जपानी रूप, पण तो आपसात, क्लायंटला नाही.

ते दोन सेकंद गप्प होते, मला ते फार मोठे वाटले. मग म्हणाले, ओदाइजि नि. म्हणजे तब्येतीला जपा. मुलगी किती वर्षांची आहे विचारलं, तीन म्हटलं, म्हणाले त्या वयात फार ताप येतात. मला भरून आलं एकदम, फोनवरच कमरेत वाकून नमस्कार केला, समोर भिंत होती तरी.

मग मेल. विषयाच्या ओळीतच तारीख बदलण्याची विनंती असं स्पष्ट. आत परत माफी, आणि तीन पर्याय, प्रत्येकात तारीख, वार आणि कितीपासून कितीपर्यंत. नुसतं पुढच्या आठवड्यात कधीही चालेल असं लिहू नका, ऐकायला उदार वाटतं पण मग शोधायचं काम त्यांच्यावर पडतं. आणि दिलेले तिन्ही वेळ उत्तर येईपर्यंत स्वतःच्या कॅलेंडरवर अडवून ठेवायचे, कारण त्यांनी एक निवडला आणि आपण म्हटलं आता तो गेला, तर दुसऱ्यांदा माफी मागायला तोंड राहत नाही. मी तिन्ही वेळ दुपारी दोनचे दिले होते, म्हणजे पुण्यात साडेदहा, निदान त्या पोरांची झोप वाचली. शिनकान्सेनचं ॲपवरून घेतलेलं तिकीट गाडी सुटायच्या आधी पैसे न भरता बदलता येतं, ते शेवटी केलं, दोन मिनिटांत झालं.

जाताना काही न्यावं का हाही प्रश्न पडला. इथे मोठ्या चुकीची माफी मागायला जाताना जड यौकानचा डबा नेतात, लाल चवळीसारख्या अझुकीची वडी असते ती. काचो म्हणाले तेवढं नको, एवढ्याशा गोष्टीला एवढं दिलं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. मग तोक्यो स्टेशनवरून सुटी सुटी गुंडाळलेली बिस्किटं घेतली, त्यांच्या टीममध्ये वाटता येतील अशी.

पुढच्या बुधवारी नागोयाला गेले. खोलीत शिरल्या शिरल्या, बसायच्या आधीच परत माफी मागितली, हे विसरायचं नसतं, फोन झाला मेल झाला तरी समोरासमोर एकदा म्हणायचंच. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनीच विचारलं, ताप उतरला का? उतरला म्हटलं, काल पाळणाघरात गेली. बरं झालं म्हणाले, बिस्किटांचा खोका दोन्ही हातांनी घेतला, आणि आम्ही पुण्याला कॉल लावला.