राहू दे, घेऊन ठेवतो

परवाच्या रविवारी परत दोन पुस्तकं घेतली. घरात पाय टाकल्या टाकल्या बायकोनं पिशवीकडं बघितलं आणि विचारलं, "अहो, आधीची वाचून झाली का?" नाही झाली. दिवाळीच्या आवराआवरीत मोजली होती, अकराशे चाळीस भरली, त्यातली निदान चारशे तरी अजून उघडलेली नाहीत. तरीपण घेतो, आणि का घेतो ते आज नीट लिहायचं आहे.

सगळे म्हणतात लायब्ररी आहे की. आहेच, आणि मी शाळेपासून कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराचा सभासद आहे, 1850 सालची संस्था आहे ती, माझं निम्मं वाचन तिथंच झालंय. पण लायब्ररीचं पुस्तक परत करायची तारीख डोक्यात ठेवून वाचावं लागतं. घरातलं पुस्तक थांबतं, पाच वर्षं थांबतं, दहा वर्षं थांबतं, आणि एखाद्या रात्री झोप येत नसताना हात बरोबर त्याच्यावरच जातो. दुसरं म्हणजे मराठी पुस्तकाची आवृत्ती असते बहुतेक वेळा हजार-अकराशे प्रतींची. कादंबऱ्या परत छापल्या जातात, नावाजलेले लेखक छापले जातात, पण कुणीतरी आयुष्यभर शेती करून लिहिलेलं, कुणा मास्तरांनी गावाचा इतिहास म्हणून पदरचे पैसे घालून काढलेलं, ते एकदा संपलं की संपलं. दुकानात आज दिसलं ते पुढच्या महिन्यात दिसेलच असं नाही. म्हणून दिसलं की तोंडातून निघतंच, राहू दे, घेऊन ठेवतो.

एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रद्दीच्या दुकानात वह्यांच्या गठ्ठ्याखाली एक पातळ पुस्तिका सापडली, गूळ कसा करावा यावर. कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत, पिना गंजून पानांवर तांबडे डाग पडलेले. मालक म्हणाले, "ते काय करताय सर, वीस रुपये द्या आणि घेऊन जावा." माझा गुळाशी संबंध काय तर सकाळचा चहा. आजोबांचं गुऱ्हाळ होतं पन्हाळा तालुक्यात, पण मी चौथीत असतानाच ते बंद पडलं, नंतर ऊस सगळा कारखान्याला जायला लागला. घेतली आणि कपाटात टाकली, तीन वर्षं बघितलीपण नाही.

मग 2019 चा ऑगस्ट आला. आमचं घर शुक्रवार पेठेत, तळमजला. कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे पाठ असतात, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, आणि त्या वेळी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. रात्रीत पाणी दारात आलं. सिलेंडर, कागदपत्रं, आईची औषधं वर नेली आणि पुस्तकांच्या खालच्या दोन फळ्या राहिल्या. आठवड्यानं परत आलो तर पुस्तकं फुगून फळीत इतकी घट्ट बसलेली की फळी तोडून काढावी लागली. गुळगुळीत कागदाची, चित्रांची जी होती त्यांची पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली, ती गेलीच. साध्या कागदाची त्यातल्या त्यात वाचली, पानापानात वर्तमानपत्र घालून, उभी करून, पंख्याखाली, दर दोन तासांनी वर्तमानपत्र बदलत. वास मात्र अजून आहे, चिखलाचा. एकशे साठ पुस्तकं गेली, त्यातली कितीतरी मी वाचलीच नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त त्यांचंच वाईट वाटलं. वाचलेलं थोडंफार तरी डोक्यात राहिलेलं असतं. ही आली काय आणि गेली काय.

ती गुळाची पुस्तिका वाळवताना पहिल्यांदा वाचली. म्हणजे वर्तमानपत्र बदलताना पानं उलटावीच लागत होती तर नजर जायची. चुलवाण म्हणजे रस उकळायची मोठी चूल कशी बांधायची, एका आदणाला, म्हणजे एका वेळच्या रसाला किती वेळ लागतो, वर आलेली मळी कधी काढायची, रस स्वच्छ व्हायला भेंडीचं पाणी किती घालायचं. आणि एका पानावर गोळीची परीक्षा. पाक गार पाण्यात टाकून गोळी करायची आणि काहिलीच्या, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईच्या काठावर मारून आवाज ऐकायचा. हे मी बघितलंय! आजोबा असेच उकिडवे बसायचे, दोन बोटं पाण्यात बुडवून गोळी वळायचे आणि काठावर मारून मान तिरकी करून ऐकायचे. मला लहानपणी वाटायचं ते खेळतायत. इतक्या वर्षांनी, पुराच्या पाण्यात भिजलेल्या कागदावर कळलं की ते गूळ उतरवायची वेळ ऐकत होते. मी तिथंच खाली बसलो थोडा वेळ.

2021 च्या जुलैत परत पाणी आलं, पण तोवर सगळी पुस्तकं वरच्या मजल्यावर नेली होती, आणि ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात.

मागच्या वर्षी आत्या राहायला आली होती, वय ऐंशीच्या पुढं, तिला ते पान वाचून दाखवलं. डोळे मिटून सगळं ऐकलं आणि भेंडीच्या ओळीला हात वर केला. "साधी भेंडी न्हवं रं, रानभेंडी. मुळासकट उपटून आणायची, दगडावर ठेचायची, मग पाण्यात चोळायची. मीच आणायची बांधावरनं." मी पेन्सिल घेतली आणि समासात लिहून ठेवलं, रानभेंडी, आत्यानं सांगितलं, आणि तारीख घातली.